पिवळं खायचं की टाकायचं?

पहाटे साडेपाचला शिरूरमधल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतील. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी आर्मीची. आमच्या दौंडला एसआरपीएफचं वेड जरा जास्त. राज्य राखीव पोलीस दलाचे गट गावातच आहेत, त्यामुळे ती वर्दी लहानपणापासून डोळ्यासमोर असते. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. एसआरपीएफला तर सरळ पाच किलोमीटर. पळून झालं की सगळे घामाघूम होऊन कट्ट्यावर टेकतात आणि बॅगांमधून स्टीलचे डबे निघतात. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ आणि उकडलेली अंडी.

मग सुरू होतो एक ठरलेला कार्यक्रम. अंडं सोलायचं, दोन बोटांनी फोडायचं, पांढरं तोंडात टाकायचं आणि पिवळं मैदानाच्या कडेला. तिथं दोन कुत्री रोज वेळेवर हजर असतात. भरती कुत्र्यांची निघाली तर दोघांचं सिलेक्शन पक्कं.

पिवळं का टाकता, असं विचारलं की उत्तर एकच: त्यात कोलेस्टेरॉल असतं, हार्टला डेंजर. कुणी सांगितलं? जिमच्या सरांनी, एका रीलनं, कुणाच्या तरी मामानं. त्याच मैदानावर एक पठ्ठ्या मात्र सकाळी सहा कच्ची अंडी दुधात फोडून पितो आणि त्यालाही आपलंच बरोबर वाटतं. गंमत म्हणजे दोघांनाही भीती किंवा भरवसा आहे तो एकाच गोष्टीचा, त्या पिवळ्या बलकाचा. म्हणून म्हटलं, हा विषय एकदा नीट बघूनच टाकू.

आधी अंड्यात नक्की असतं काय ते. एका मोठ्या अंड्यात सत्तर-पंच्याहत्तर कॅलरी, सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि साधारण १८६ मिलीग्रॅम कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉल सगळंच्या सगळं बलकात, हे त्या पोरांचं बरोबर आहे. पण प्रोटीनचाही चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा बलकातच असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय अ आणि ड जीवनसत्त्व, मेंदूला लागणारं कोलीन, हेही तिथंच. म्हणजे सहा अंडी विकत घ्यायची आणि अडीच अंड्यांचं प्रोटीन कुत्र्यांना घालायचं, असा तो हिशोब. भरतीच्या पोरांचं बजेट काय असतं हे सगळ्यांना माहितीये. ज्यांना मेसचे पैसे भरून वर डाएट सांभाळायचं असतं, त्यांना हे परवडणारं नाही.

आणि कच्ची अंडी? बेल्जियममध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं जवळपास ९० टक्के प्रोटीन शरीरानं घेतलं, कच्च्यातलं मात्र ५० टक्क्यांच्या आसपास. वर साल्मोनेलाचा धोका वेगळाच. भरतीच्या आदल्या आठवड्यात जुलाब लागले तर वर्षभराची मेहनत पाण्यात. सिनेमातला हीरो पीत असेल, पण त्याला सोळाशे मीटर पळायचं नसतं.

ससे, अमेरिका आणि आपली भीती

ही भीती आपल्याकडे आली कुठून? सुरुवात सशांपासून होते. रशियात १९१३ साली निकोलाय अनिच्कोव या शास्त्रज्ञानं सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचलेले दाखवले. शोध मोठाच होता, आजही त्याचं नाव आदरानं घेतात. पण ससा पडला पालापाचोळा खाणारा प्राणी. त्याच्या शरीराला कोलेस्टेरॉल पचवायची सवयच नाही.

माणसाचं गणित वेगळं आहे. आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि त्यात मोठा वाटा लिव्हरचा. खाण्यातून जास्त आलं की लिव्हर आपलं उत्पादन कमी करतं. गावाकडून दुधाची किटली आली की आई रतीबवाल्याला दोन दिवस नको म्हणून सांगते ना, तसंच काहीसं. सगळ्यांच्या शरीरात हे सारखं चालत नाही. काही जणांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल अंडी खाल्ल्यावर इतरांपेक्षा जास्त वाढतं. पण बहुतेकांच्या रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवण्यात मोठा हात असतो तो सॅच्युरेटेड फॅटचा: लोणी, तूप, डालडा, पामतेल, मटणाची चरबी. एका अंड्यात हे फॅट दीड ग्रॅमच्या आसपास. चमचाभर बटरमध्ये सात ग्रॅम.

हे सगळं कळायच्या आधीच निकाल लागून गेला होता. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं सांगितलं की दिवसाला ३०० मिलीग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल खा आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत. १९८४ मध्ये ‘टाइम’ मासिकानं मुखपृष्ठावर एक प्लेट छापली, दोन अंड्यांचे डोळे आणि खाली वाकवलेल्या बेकनचं रडकं तोंड. आजच्या भाषेत व्हायरल मीमच. पुढं २०१५ च्या अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमधून ती ३०० ची मर्यादा काढून टाकली गेली. पण अशी दुरुस्ती दौंडपर्यंत पोचायला वेळ लागतो. भीती एक्स्प्रेसनं येते, खुलासा पॅसेंजरनं.

आपल्याकडे उलटा प्रचारही झाला, तो आपल्याच पुण्यातून. व्यंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं १९८२ मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. अंड्याला भाव ठरवून मिळावा, पोल्ट्रीवाला व्यापाऱ्याच्या हातचं बाहुलं होऊ नये, हा मूळ हेतू. आजही शिरूर-दौंडमधल्या शेडवर सकाळी पहिली चौकशी होते ती आजच्या शेकडा रेटची. संडे-मंडेवाली ती जाहिरातही याच एनईसीसीची. ती आपल्या आई-वडिलांच्या पिढीला तोंडपाठ आहे. मला वाटतं, अंडं रोज खा म्हणून सांगणारा अंडी विकणाराच असेल तर त्याचं ऐकावं, पण जरा जपून. म्हणून मग दोन्ही बाजूंचे अभ्यास वाचायला बसले.

अभ्यास काय म्हणतात

अंड्यांच्या विरोधातला सगळ्यात गाजलेला अलीकडचा अभ्यास २०१९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय मासिकात आला. सुमारे २९ हजार ६०० अमेरिकन माणसं, अनेक वर्षांचा पाठपुरावा. निष्कर्ष असा की रोजच्या खाण्यात अर्धं अंडं वाढलं की हृदयविकाराचा धोका सहा टक्क्यांनी जास्त. बातम्यांचे मथळे तुम्हीच कल्पना करा. पण सहा टक्के कशाचे? मूळ धोक्याचे. आकडे उलगडले तर इतक्या वर्षांत शंभर माणसांमागे साधारण एक जास्तीची केस. तीही छोटी गोष्ट नाही, पण मथळा वाचून जे वाटतं ते हे नव्हे.

वर्षभरातच, २०२० मध्ये, हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास ‘बीएमजे’त आला: दिवसाला एका अंड्यापर्यंत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसत नाही. त्याच वर्षी ‘प्युअर’ नावाच्या एकवीस देशांतल्या अभ्यासातूनही तसंच निघालं आणि त्यात भारतातली माणसंही होती. त्याआधी २०१८ मध्ये चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या अभ्यासात तर रोज जवळपास एक अंडं खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा कमी आढळले.

मग अमेरिकेत एक आणि चीनमध्ये भलतंच का? हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. कोण काय खातो हे विचारायचं आणि पुढं कुणाला काय झालं ते बघायचं. त्यात अंडं एकटं कधीच येत नाही. अमेरिकन माणसाच्या प्लेटमध्ये अंड्याशेजारी बेकन, सॉसेज आणि बटर लावलेला टोस्ट असतो. दोष नेमका कुणाचा, हे वेगळं काढणं संशोधकांनाही अवघड जातं. तेव्हा परदेशातला अभ्यास वाचताना आपल्या अंड्याशेजारी काय असतं, हे बघायला नको का?

त्यासाठी कारेगावला जा. रांजणगाव एमआयडीसीची शिफ्ट सुटली की तिथल्या गाड्यांवर उभं राहायला जागा नसते. नाहीतर दौंड स्टेशनच्या बाहेर रात्री या. तव्यावर पळीभर तेल, कांदा, मिरची, दोन अंडी, वरून बटरचा तुकडा आणि त्याच बटरमध्ये परतलेले चार पाव. गाड्यावरचं तेल बऱ्याचदा पामतेल, त्यातलं जवळपास निम्मं सॅच्युरेटेड फॅट. दोन अंड्यांचं सॅच्युरेटेड फॅट तीन ग्रॅम, बाकी सगळं तेला-बटरचं. चार पाव म्हणजे निव्वळ मैदा. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला गरम आणि पोटभर असं दुसरं काही एवढ्या पैशांत मिळतही नाही, त्यामुळे नाव कुणाला ठेवायचं? पण उद्या त्याला छातीत दुखलं तर घरचे काय म्हणतील माहितीये? “सारखी अंडी खात होता.”

आमच्या घरात हे होऊन गेलंय. काकांना ४८ व्या वर्षी अटॅक आला. पुण्यात अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट पडला. घरी आल्यावर आजीनं पहिला हुकूम सोडला: या घरात अंडं शिजणार नाही. डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ते तंबाखू बंद करण्याबद्दल, मीठ आणि तेलकट कमी करण्याबद्दल, रोज चालण्याबद्दल. अंडी बंद झाली त्याच दिवशी. तंबाखूची पुडी पँटच्या खिशातून शेतातल्या मोटारीच्या पेटीत गेली, एवढाच बदल. संध्याकाळच्या चहाबरोबरचं फरसाण तर कुणाच्या हिशोबातच नव्हतं, कारण ते शाकाहारी. आपल्याकडे शाकाहारी म्हटलं की पदार्थाला सगळे गुन्हे माफ असतात.

काकांचं वय लक्षात घ्या. ‘इंटरहार्ट’ या जगभरातल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मधलं वय ५३ वर्षं, बाकीच्या देशांत जवळपास ५९. त्याच अभ्यासानं नऊ कारणं मोजली होती, ज्यांच्यात अटॅकच्या ९० टक्के धोक्याचा हिशोब लागतो. तंबाखू, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, डायबेटीस, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारू. यात अंडं कुठंच नाही.

तरी आजी पूर्ण चुकीची होती असं म्हणणार नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनचंच २०१९ चं मत असं आहे की निरोगी माणसानं दिवसाला एक अख्खं अंडं खायला हरकत नाही, पण ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं आहे आणि विशेषतः ज्यांना डायबेटीस आहे, त्यांनी जपून. काकांना दोन्ही आहे. त्यांनी किती बलक खायचे हे रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच ठरवायचं, आजीनं नाही आणि मीही नाही. फक्त बावीस वर्षांच्या पोरानं काकांचं पथ्य पाळायचं काही कारण नाही.

वढूच्या बाळांची गोष्ट

हृदयविकार आणि डायबेटीस आपल्याकडे इतक्या लवकर का येतो, या प्रश्नावर जगभर वाचलं जाणारं संशोधन आपल्या शिरूर तालुक्याच्या पट्ट्यात झालंय. कॉलेजात येईपर्यंत मला हे माहीतही नव्हतं.

वढू बुद्रुक म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. त्याच वढूत पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. पुढं १९९३ मध्ये केईएमचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या सहा गावांत आयांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, सडपातळ बायका. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. बाळ लहान, हातपाय बारीक, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानानं टिकून. वरून बारीक, आतून चरबीचं. पुढच्या डायबेटीसची आणि हार्टच्या दुखण्याची मुळं इथं असू शकतात, असं त्यातून पुढं आलं.

डॉ. याज्ञिकांचा स्वतःचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. शेजारी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावर उभं राहून ‘मी फिट आहे’ म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी हा फोटो आहे.

याच अभ्यासात दिसलं की जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. बी-१२ जवळजवळ सगळं प्राण्यांपासून येणाऱ्या पदार्थांतून मिळतं: दूध, दही, अंडी, मासे, मटण. आता इथं मी अंड्याचा झेंडा लावून मोकळी होऊ शकले असते. पण अंड्यातलं बी-१२ शरीर फार कमी शोषून घेतं, त्या बाबतीत दूध चांगलं. त्यामुळे ज्या घरात माळ आहे (आणि पालखीच्या वाटेवरच्या यवत-वरवंडकडं अशी घरं भरपूर आहेत) तिथं अंडं नाही म्हणून काही अडत नाही. दूध, दही, डाळी, शेंगदाणे, सोयाबीन, हरभरे नीट असले की झालं. अडतं ते या घरांचं, जिथं दूध सगळं डेअरीला जातं, अंडी सगळी बाजारात जातात आणि ताटात उरतो भात, भाकरी आणि पातळ कालवण.

देशाचा आकडा बघा. २०२३-२४ मध्ये भारतात माणशी वर्षाला १०३ अंडी उपलब्ध होती. आहारतज्ज्ञांचा सल्ला १८० चा, म्हणजे दिवसाआड एक. आपण अजून जास्त अंड्यांच्या संकटापर्यंत पोचलेलोच नाही. ज्या पोरांना पोल्ट्रीच्या शेडमागून शाळेत जावं लागतं, त्यांनाही रोज अंडं मिळतं असं नाही.

म्हणूनच शाळेतल्या अंड्याची गोष्ट मला लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, ज्यांना चालत नाही त्यांना केळं. यावरून बराच वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यांसाठीचा पैसा थांबवला आणि द्यायचंच असेल तर लोकसहभागातून उभं करा असं शाळांना सांगितलं. आठवड्याला एक अंडं. वाढत्या वयाच्या पोरांच्या हार्टला या एका अंड्यानं काही होणार नव्हतं. त्यांच्या हाडा-मांसाला मात्र झालं असतं.

आता ज्यांना थेट ‘किती खाऊ ते सांग’ असं हवंय, त्यांच्यासाठी. तब्येत ठणठणीत असेल, घरात लहान वयात कुणाला अटॅक आलेला नसेल तर रोजचं एक अख्खं अंडं बिनधास्त. उकडून खाल्लं तर उत्तम, कमी तेलात परतलं तरी चालेल. भरतीचा व्यायाम असेल आणि जास्त प्रोटीन लागत असेल तर एक-दोन अख्खी, वर हवं तर पांढरं, बाकीचं दूध, डाळ, सोयाबीनवर सोडा. गावरान अंड्यात कोलेस्टेरॉल नसतं हे विसरा. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो, आतला माल बराचसा सारखाच. चवीसाठी दुप्पट पैसे द्यायचे तर द्या.

आणि एक टेस्ट करून घ्या. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबद्दल पहिल्यांदाच भारतीयांसाठी नियमावली काढली. त्यात म्हटलंय की पहिली लिपिड टेस्ट अठराव्या वर्षी व्हावी आणि त्यासाठी उपाशीपोटी जायलाच हवं असं नाही. सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १०० च्या खाली हवं, अटॅक येऊन गेलेल्याचं ५५ च्या खाली. आमच्या वर्गात मी विचारलं, चाळीसपैकी तिघांनी ही टेस्ट केली होती. प्रोटीन पावडरचा डबा घेतलेले अकरा निघाले.

काकांची पुढची टेस्ट दिवाळीनंतर आहे. तंबाखू आता खरंच सुटतेय असं ते म्हणतात. काकू मोटारीची पेटी अधूनमधून उघडून बघते. फरसाणाचा डबा आजीनं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय, पण काका घरात सगळ्यात उंच आहेत.